पाच नंबरची रांग

सोमवार, २ तारीख

ताईचं म्हणणं असं की मी झोपेत दात खातो आणि दिवसभर तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, म्हणून माझी अक्कलदाढ दुखते. ताई दातांची डॉक्टर आहे, वर मोठी बहीण आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात दोन्हीकडून अर्थ नाही. "पुटपुटायचं ते कागदावर पुटपुट," म्हणाली आणि कुठल्याशा टूथपेस्टवाल्यांनी दिलेली ही डायरी माझ्या ताटाशेजारी आपटली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दात हसतोय. त्याच्या शेजारी बसून मी माझं रडगाणं लिहायचं.

तर रडगाणं. आज साहेबांनी बोलावलं. आमच्या हॉस्पिटलचे सहा छोटे दवाखाने आहेत, इकडे-तिकडे पसरलेले. त्यातला सगळ्यात लांबचा दवाखाना म्हणजे बसनं अर्धा दिवस. तिथे एक सिस्टर आणि एक स्क्रीनची खोली. पेशंट त्या खोलीत बसतो, डॉक्टर इथे बसतात, आणि मधली तार सांभाळायला मी. ही तार म्हणे माणसांचे शब्द गिळते.

तिथला मुख्य पेशंट म्हणजे बेकरीवाले काका. डोक्यात गुठळी झाली, तेव्हापासून बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. आमच्याकडच्या स्पीच थेरपिस्ट, ज्यांना सगळं हॉस्पिटल बाराखडीबाई म्हणतं, त्या सोमवार-बुधवार-शुक्रवारी सकाळी दहाला स्क्रीनवरून त्यांना बोलायला शिकवतात. बाई म्हणतात "पाणी", पलीकडे पोचतं "...णी". काका म्हणणार काय, कप्पाळ!

"सत्तावीस तारखेला मोठे साहेब स्वतः धडा बघायला बसणार आहेत," साहेब म्हणाले. "नीट चाललं तर खोली राहील. नाहीतर बंद."

"मग काकांनी काय करायचं?"

"ते तुम्ही मला विचारताय?"

काकांना बसनं इथे आणणं शक्य नाही, हे साहेबांनाही माहीत आहे. म्हणून तर त्यांचा आवाज चढला.


मंगळवार, ३

ताईनं जेवताना विचारलं, की तू करतोस तरी काय नेमकं. मी भाकरीचा तुकडा खाली ठेवून समजावलं.

बोलणं, चित्र, रिपोर्ट, सगळं बारीक बारीक पॅकेटं होऊन तारेतून जातं. आमच्या जाळ्यात शिरताना पहिला राउटर, म्हणजे वाट दाखवणारी पेटी, प्रत्येक पॅकेटावर एक लेबल चिकटवतो. मधले राउटर पॅकेट उघडतच नाहीत, वरचं लेबल बघून पुढे ढकलतात. त्या लेबलाच्या कोपऱ्यात एका आकड्यापुरती जागा असते, शून्य ते सात. सहा आणि सात राउटरांच्या आपापसातल्या गप्पांसाठी. पाच म्हणजे जिवंत आवाज आणि चित्र, त्याला थांबवायचं नाही. तीन म्हणजे एक्स-रे. एक म्हणजे हिशेब. शून्य म्हणजे उरलंसुरलं. प्रत्येक राउटरला शिकवायचं, की बाबा रे, लेबलावर पाच दिसला की या रांगेत उभा कर आणि आधी सोड. आजवर हे कुणी शिकवलंच नव्हतं. सगळे आकडे सगळीकडे शून्य. बाराखडीबाईंचा 'पा' आणि लॉबीतल्या टीव्हीची जाहिरात एकाच रांगेत धक्काबुक्की करत होते.

"म्हणजे तू रांगा लावतोस," ताई म्हणाली.

पाच वर्षं शिकलो, पंधरा वर्षं नोकरी केली, आणि हिनं चार शब्दांत गुंडाळलं.


बुधवार, ४

धडा कसा तुटतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. म्हणून आज माझ्या टेबलावरून लांबच्या दवाखान्यात चाचणीचा व्हिडिओ लावला. काकांच्या खोलीत नाही, सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर. चाचणी कामाची व्हावी म्हणून माझ्या यंत्रालाही पाच नंबर दिला. आणि चित्र सगळ्यात मोठं ठेवलं. अर्धवट चाचणी मला आवडत नाही.

स्क्रीनवर आधी एक कपाळ आलं, मग चष्मा, मग हनुवटी, असं हप्त्याहप्त्यानं माणूस जमलं. या सिस्टर.

"तुम्ही नेटवर्कवाले का?" त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज येतोय. तोंड अजून वाटेत आहे."

दहाला धडा सुरू झाला. उघड्या दारातून मला ऐकू येत होतं. बाई काहीतरी म्हणायच्या, त्यातलं अर्धंच तिकडे पोचायचं, काका घसा खरवडून प्रयत्न करायचे, आणि पुन्हा तारेत घोटाळा. चौथ्या वेळी काका स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "मेल्या!"

मी खुर्चीतून उडालो. सिस्टरांनी सांगितलं, असंच असतं म्हणे. साधे शब्द जातात, शिव्या शाबूत राहतात. "आणि हा शब्द तुम्हाला होता," त्या म्हणाल्या. "तारेचं काम कोण बघतं हे मी त्यांना सांगून ठेवलंय."


शुक्रवार, ६

नंबर वाटणार ही बातमी हॉस्पिटलभर फुटली. सकाळपासून माझ्या खोलीबाहेर माणसं.

एक्स-रेवाले म्हणाले, हाडापेक्षा महत्त्वाचं काय असतं, आम्हाला पाच हवा. औषधवाले म्हणाले, आम्ही नसलो तर हाडं जुळतील कशी. लॉबीतल्या टीव्हीसाठी स्वागतकक्षातल्या बाई आल्या, की पेशंटांचं मन रमतं. मी एकालाही पाच दिला नाही. हिशेबवाले शेवटी आले. आमच्याकडचे हिशेबवाले म्हणजे वहीसारखे चौकोनी गृहस्थ, चष्म्यावरून बघतात. मी त्यांना एक नंबर दिला म्हटल्यावर ते चष्म्याखालून बघायला लागले.

"एक म्हणजे पहिला ना?"

"नाही. एक म्हणजे शून्याच्या वर."

ते चष्मा पुसत निघून गेले. या माणसावर लक्ष ठेवायला हवं.

धडा आजही तुटला. सिस्टरांशी चाचणी मात्र बराच वेळ चालली. आवाज तपासायला मी एक ते दहा म्हणतो. त्या म्हणाल्या, "रोज एक ते दहाच? दुसरं काही येत नाही का तुम्हाला?" मग मी भिंतीवरचं आगीपासून बचावाचं सूचनापत्र वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चित्र आणखीनच तुटलं.


सोमवार, ९

डोकं आपटायचं बाकी आहे. सगळ्या राउटरांना पाच ओळखायला शिकवलं. मधल्या चारांवर पाचाच्या रांगेचा काउंटर, म्हणजे गेलेली पॅकेटं मोजणारा आकडा, पळतोय. आणि लांबच्या दवाखान्यात पोचणाऱ्या शेवटच्या बारीक तारेवर, त्या लिंकवर, जिथे खरी अडचण, तिथे काउंटर शून्य. एकही पाच तिथे पोचत नाही. अरे, मग जातात कुठे? वाटेत जेवायला थांबतात?

काकांचा धडा तुटला. आज त्यांनी शिवी पण दिली नाही, हे मला जास्त लागलं. सिस्टर म्हणाल्या, पूर्वी या माणसाचा आवाज भट्टीपासून चौकापर्यंत जायचा. आता बेकरी काकू बघतात, आणि काका कोपऱ्यात बसून पाव चुकताना बघतात. सांगता येत नाही ना, की मीठ जास्त झालं.


गुरुवार, १२

सापडलं! सापडलं! सापडलं!

शेवटून दुसरा राउटर लेबल सोलून टाकतो. त्याला वाटतं, आता एकच पाऊल उरलंय, लेबल कशाला हवं, शेवटच्या राउटरचं काम हलकं करावं. भला विचार आहे, पण लेबलासोबत त्याच्या कोपऱ्यातला पाचही कचऱ्यात! पुढे बारीक लिंकवर नुसतं उघडं पॅकेट, त्याला कोण ओळखणार?

शेवटच्या राउटरला सांगितलं, शेजाऱ्याला कळव, की लेबल माझ्या दारापर्यंत राहू दे. कळवलं. काउंटर हलला! मी टेबलावर थाप मारली, चहा सांडला, सांडू दे.

आणखी एक शहाणपणा केला. पाचाला आधी सोडायचं खरं, पण मोकाट सोडलं तर मागचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या उपाशी मरतील. म्हणून बारीक लिंकवर पाचाच्या रांगेला माप घातलं. एका धड्याचा आवाज आणि चित्र नीट मावेल इतकं. त्याच्यावर जे येईल ते सरळ टाकून द्यायचं.

लगेच सिस्टरांना चाचणी लावली. काय चित्र! काय आवाज! त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतली पानं मोजता येत होती. मी भीत भीत एक ते दहा म्हणालो, त्या म्हणाल्या, "अगदी शेजारी बसल्यासारखे वाटताय." पुढे चाचणी बराच वेळ करावी लागली, कारण एवढ्या मोठ्या बदलानंतर घाईनं फोन ठेवणं बरं नाही. त्यांना गाणी आवडत नाहीत, शांतता आवडते. सायकल स्वतः दुरुस्त करतात. लहानपणी त्यांना पण कुणी तीनदा बोलावल्याशिवाय जेवायला उठायची सवय नव्हती. हे सगळं आवाजाची पारख म्हणून लिहून ठेवतोय, शब्द न् शब्द ऐकू आला.


शुक्रवार, १३

कालचं पान फाडून टाकावंसं वाटतंय.

धडा आधीपेक्षा वाईट. आधी निदान शब्द अर्धे यायचे. आज बाईंचं तोंड हिरवे-जांभळे चौकोन झालं आणि आवाज खडे चावल्यासारखा. मी सिस्टरांच्या टेबलावर चाचणी चालूच ठेवली होती, म्हणजे कुठे बिघडतंय ते त्या लगेच सांगतील. माझं चित्रही तुटत होतं. याचा अर्थ दोष लिंकमध्येच आहे.

बारीक लिंकवरचा काउंटर सांगतो की पाचाच्या रांगेत मापाबाहेर पॅकेटं येतायत आणि टाकली जातायत. म्हणजे पाचात कुणीतरी घुसतंय. कोण ते मला बरोबर माहीत आहे. मात्र पुरावा नाही.


सोमवार, १६

पुराव्याशिवायच गेलो. ताई म्हणते माझा हाच स्वभाव वाईट.

यादी तपासली होती. पाचात दोनच नावं: बाराखडीबाईंचं यंत्र आणि माझी चाचणी. दोन्ही आपलीच. म्हणजे कुणीतरी खोटा पाच लावून घुसतंय. आजही दहाच्या ठोक्याला धडा फुटला आणि मी तरातरा हिशेबवाल्यांच्या खोलीत गेलो.

"तुम्ही पाच लावलाय," मी म्हणालो.

"कशाला?"

"पॅकेटांना!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे पाच नाही. मला पाच नको. मला फक्त तुम्ही या खोलीबाहेर हवे आहात."

इतका शांत माणूस चोर असल्याशिवाय राहणार नाही. तरी जाता जाता त्यांच्या सगळ्या यंत्रांच्या तारा उचकून बघितल्या. धूळ निघाली.


बुधवार, १८

हिशेब विभागाचं पूर्ण कनेक्शन धड्याच्या वेळेपुरतं बंद केलं. धडा तरीही तुटला. हिशेबवाल्यांनी साहेबांकडे लेखी तक्रार केली, साहेबांनी मला तोंडी झाडलं. मग एक्स-रेवर संशय घेतला. मग लॉबीतल्या टीव्हीवर. स्वागतकक्षातल्या बाई आता माझ्याशी बोलत नाहीत.

सिस्टर तेवढ्या बोलतात. धडा तुटून काका-काकू घरी गेले की आम्ही दोघं आपापला डबा उघडतो आणि काय बिघडलं असेल याची चर्चा करतो. आज चर्चा जेवण संपल्यावरही चालू होती. मी विचारलं, खोली बंद झाली तर तुमचं काय? म्हणाल्या, "माझी बदली होईल कुठेतरी. माझं जाऊ द्या. काका गेल्या आठवड्यात दारात काकूंना हाक मारायला गेले आणि अर्धं नाव बाहेर आलं. अर्धं! काकू भट्टीशी उभ्या राहून रडल्या. आता इथे येऊन थांबायचं का?"

माझी दाढ भयंकर ठणकायला लागली. मी म्हटलं, नाही थांबणार. बोलून तर बसलो.


शुक्रवार, २०

दाढ काढली. सकाळी नऊला ताईनं खुर्चीत पाडलं. "होती नव्हती ती अक्कल गेली," असं ती पेशंटला म्हणू शकते का? भावाला म्हणू शकते म्हणे. गाल भोपळ्याएवढा. बोलता येत नाही. दिवसभर घरी.

बाराच्या सुमाराला साहेबांचा फोन. "अहो, आज काय जादू केलीत? धडा एकदम काचेसारखा! बाई नाचतायत! काका 'पाणी' म्हणाले, 'पीठ' म्हणाले!"

"हं," मी.

"काय केलंत ते सोमवारी पण करा!"

"हं."

काय केलं? काहीच नाही केलं. बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. पण गुरुवारी मी इथल्या पहिल्या राउटरचं एक कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं होतं. तेच असणार. घट्ट न बसलेल्या कार्डानं भल्याभल्यांना रडवलंय. शाबास रे मी.


सोमवार, २३

नवा शर्ट घालून गेलो. ताई म्हणाली, गाल सुजलेला असताना नवा शर्ट कुणासाठी. मी म्हटलं, कामावर नीटनेटकं असावं.

दहाच्या आधीच सिस्टरांना चाचणी लावली. माझा गाल बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला, मग हसू आवरून विचारपूस केली, मऊ खा, गरम पिऊ नका. मग दहा वाजले, काका-काकू आले, आणि धडा फुटला. साफ फुटला. बाईंचा एक शब्द धड पोचेना.

काका उठले. स्वतःच्या हातानं स्क्रीन बंद केली. बायकोचा हात धरला आणि निघून गेले. मी सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनमधून त्यांची पाठ बघितली. काकू परत येऊन दारातूनच म्हणाल्या, "सिस्टर, आता नाही येणार म्हणतायत. मानेनं."

मला रडू आलं. गाल सुजलेला असल्यामुळे कुणाला कळलं नाही.


मंगळवार, २४

लिहायला हात धजत नाही, पण डायरी आहे, हिच्यापासून काय लपवायचं.

सकाळी कागद घेतला. शुक्रवारी धडा चांगला झाला, सोमवारी फुटला. काय बदललं? कार्ड तसंच घट्ट. शुक्रवारी हिशेबवाले होते. एक्स-रे चालू होता. लॉबीत टीव्ही होता. सगळे होते. नव्हता कोण? एकच माणूस नव्हता. तो गालाला बर्फ लावून घरी बसला होता.

बाराखडीबाईंना विनंती केली, पलीकडच्या रिकाम्या खोलीत धडा नुसता लावून ठेवा. काउंटर बघत बसलो. टाकलेली पॅकेटं: आकडा हलत नाही. मग माझ्या यंत्रावरून सिस्टरांना चाचणी लावली. सगळ्यात मोठं चित्र, पाच नंबर.

आकडा घोड्यासारखा धावत सुटला.

माप एका धड्याचं, आणि त्यात मी माझं थोबाड घालून बसलो होतो. रोज. धडा सुरू व्हायच्या आधीपासून धडा संपून डबे धुवून होईपर्यंत. काकांचे शब्द मी खात होतो! अख्ख्या हॉस्पिटलात चोर शोधत हिंडलो, लोकांच्या तारा उचकल्या, आणि यादीत माझं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पुढे गेलो. चाचणी कधी गर्दी करते का, असं वाटलं मला. अरे गाढवा, चाचणीची पॅकेटं काय हवेतून जातात?

आधी हिशेबवाल्यांकडे गेलो. म्हणालो, चोर मीच. त्यांनी चष्म्यावरून बघत एक खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या." त्यांच्या चहात साखर भरपूर असते, हे आज कळलं.

मग काकांच्या घरी साधा फोन लावला. काकूंनी काकांच्या कानाला लावला. मी म्हटलं, "काका, चूक माझी होती. शंभर टक्के माझी. तार चांगली आहे, तुम्ही चांगले आहात, मधे मी बसलो होतो. उठलो आता. उद्या या."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग, "मेल्या."

काकूंनी फोन घेतला. "येतो म्हणतायत."

माझं यंत्र पाचातून काढून शून्यात टाकलं. शेवटी सिस्टरांना शून्यातूनच व्हिडिओ लावला. त्यांचं चित्र डोळे मिटलेलं अडकून राहिलं. साध्या फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे उद्या चाचणी नाही?"

"नाही."

"परवा?"

"नाहीच आता. गरज नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. फोनचा आवाज बारीक येत होता, तो दोष माझ्या अखत्यारीत नाही.


बुधवार, २५

काका आले. धडा काचेसारखा झाला असं बाई म्हणाल्या. मी काही बघितलं नाही. टेबलावर एकट्यानं डबा खाल्ला, चव लागली नाही. दाढ काढून इतके दिवस झाले तरी छातीत काहीतरी ठणकतंय. रात्री ताईला विचारलं, दाढेचं दुखणं एवढं खाली उतरतं का? ताईनं माझ्याकडे बघितलं आणि नुसती भाजी वाढली. डॉक्टर असून एवढं सांगता येत नाही.


शुक्रवार, २७

सगळं नीट क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खोटं वाटेल.

साहेबांनी कालच पाठवलं मला लांबच्या दवाखान्यात. मोठे साहेब धडा बघणार, तिकडे कुणीतरी जबाबदार हवं म्हणे. रात्री तिथल्याच लॉजवर उतरलो. सकाळी दवाखान्याची पायरी चढलो तेव्हा सिस्टर सायकलला कुलूप लावत होत्या. त्या स्क्रीनवर वाटतात त्यापेक्षा उंच आहेत. मी नमस्कार केला आणि एक ते दहा म्हणणार होतो, थोडक्यात वाचलो.

"गाल उतरला," त्या म्हणाल्या.

दहाला भिंतीवरची स्क्रीन लागली. तिकडे मोठे साहेब, साहेब आणि बाई. इकडे काका खुर्चीत ताठ, केस चापून बसवलेले, शेजारी काकू, मागे सिस्टर, आणि मी दाराशी घामाघूम. बाई म्हणाल्या, पाव कसा करतात ते सांगा, घाई नाही.

काकांनी डोळे मिटले. "पीठ," ते म्हणाले. मग "पाणी". मग "मीठ", आणि काकूंकडे वळून बोटानं "थोडं" अशी खूण केली. काकूंनी पदर तोंडाला लावला. बाईंचा प्रत्येक शब्द खोलीत जसाच्या तसा पडत होता. काका ओठांकडे बघायचे, वाट बघायचे, आणि शब्द घेऊन यायचे. शेवटी त्यांनी मुठी आवळल्या आणि म्हणाले, "पीठ... मळून... झाकून... ठेवा."

मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. चेहऱ्यावर काही नाही. "आम्ही जरा आपसात बोलतो," एवढंच म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

बस. संपलं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. सिस्टरांनी चहा केला. कप तीनच होते, म्हणून त्यांनी आपला स्वतःचा मला दिला आणि आपण औषधाच्या ग्लासात घेतला. मी म्हटलं, असं कसं, तो तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, असू द्या. मी म्हटलं, नाही नाही. हे बराच वेळ चाललं असावं, कारण काकांनी बशी टेबलावर आपटली.

"विचार," ते म्हणाले. कुणी शिकवलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, आपल्या मनानं. "विचार... तिला."

काकू जागच्या जागी थिजल्या. मला काय विचारायचं ते कळलं. "सिस्टर," मी विचारलं, "लाइन कशी वाटली आज?"

काकांनी डोळे मिटले. काकूंनी कपाळावर हात मारला.

"लाइन उत्तम आहे," सिस्टर म्हणाल्या. "माणूस जरा मंद आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. छातीतलं ठणकणं कुठल्या दाढेचं ते कळलं. ते डबे, तो नवा शर्ट, ती सगळ्यात मोठ्या चित्राची हौस, सगळं एकदम अंगावर आलं आणि माझी वाचाच बसली. अक्षरशः बसली. "सिस्टर, मला... म्हणजे तुम्ही... म्हणजे चाचणी नसली तरी..." पुढे काही येईना. तोंड उघडायचं, मिटायचं. बेकरीवाले काका पुढे वाकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल. बोल."

"मला तुमच्याशी रोज बोलायचंय," मी म्हणालो. "चाचणी नसताना. म्हणजे कायमचं. लग्न करूनच म्हणतोय मी. हो म्हणालात तर मला फार, फार आवडेल. नाही म्हणालात तरी व्हिडिओ मी लावणार नाही, काकांची शपथ."

सिस्टरांनी ग्लास खाली ठेवला. कान लाल झाले होते, पण आवाज अगदी सरळ. "आगीपासून बचावाच्या सूचना वाचून दाखवल्यात ना, त्या दिवशीच मला कळलं होतं की ही काही चाचणी नव्हे," त्या म्हणाल्या. "माझं हो आहे. तेव्हापासूनच होतं."

काकू रडायला लागल्या. काका "हो, हो" म्हणत टेबल बडवायला लागले, तोही नवा शब्द. आणि त्या गोंधळात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. आमच्यातलं कुणी नाही.

आम्ही वळून बघितलं. काळ्या स्क्रीनवर हळूच चित्र उमटलं. बाराखडीबाई रुमालात तोंड खुपसून. साहेब छताकडे बघत. त्यांच्या मागे दारात हिशेबवाले, तोंडभर हसत. तिकडच्यांनी फक्त आपला कॅमेरा बंद केला होता. आमचा कुणीच बंद केला नव्हता.

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "सगळं स्पष्ट ऐकू आलं. एक अक्षर गळलं नाही. खोली चालू राहील."

मी खाली बसलो, खुर्ची नव्हती तिथे. सिस्टरांनी हात दिला. स्क्रीन बंद झाल्याची आधी खात्री केली आणि मगच मी तो धरला.

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या आधी मोबाइलवर काउंटर बघितला. धड्यापासून स्क्रीन बंद होईपर्यंत पाच नंबरच्या रांगेतून टाकून दिलेली पॅकेटं: शून्य. म्हणजे सगळंच पोचलं तिकडे, माझं ततपप धरून.